‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांमधले अंतर : परदेशी विद्यार्थ्याच्या स्वागताविषयी काही विचार



मराठीच्या सर्वनामांचा अभ्यास करताना ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद तुम्ही वाचला असेल. दोन्ही प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनामे आहेत. परंतु ‘आम्ही’मध्ये ऐकणारा वगळलेला असतो आणि ‘आपण’मध्ये तो सामावलेला असतो. ‘आम्ही उद्या सहलीला जाणार आहोत’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला कळते, आपल्याला बोलावणे नाही. ‘आपण उद्या सहलीला जाऊ’ असे म्हटले की तो घरी जाऊन डब्याची तयारी सांगतो. इंग्रजीतील ‘वुई’ किंवा जर्मनमधील ‘वीर’ या सर्वनामांना हा भेद दाखवता येत नाही. प्रमाण हिंदीतील ‘हम’लाही तो दाखवता येत नाही. गुजरातीत तो आहे, तेलुगू आणि तमिळमध्येही आहे. परीक्षेच्या दृष्टीने हा दोन गुणांचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात मात्र मी त्याच्या आधारे एका वेगळ्या विषयाकडे तुमचे लक्ष वेधू इच्छितो. परदेशातून वर्षभरासाठी आलेल्या विद्यार्थ्याचे आपल्या गावातील शाळेने स्वागत कसे करावे, हा तो विषय होय.

माझे मत प्रारंभीच मांडतो. असे स्वागत समारंभाच्या दिवशी पूर्ण होत नाही. त्या दिवशी ते केवळ जाहीर होते. वर्गातील मुले त्या पाहुण्याला धरून, त्याच्या देखत, मराठीत ‘आपण’ म्हणू लागतात, त्या दिवशी ते पूर्ण होते. तेथपर्यंत त्याला नेणे हे शाळेचे काम आहे, आणि ते काम आपण बहुधा करत नाही.

१. ही मुले का येतात?

शालेय वयातील मुलांनी परक्या देशात एका कुटुंबात राहावे आणि तेथील शाळेत शिकावे, ही कल्पना विसाव्या शतकातील आहे. तिच्यामागचा इतिहास पाहण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना रणभूमीवरून हलवणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या पथकातून ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ ही संस्था उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धातही तिच्या रुग्णवाहिका धावल्या. युद्ध संपल्यावर या चालकांनी आपल्या संस्थेचे कामच बदलले आणि १९४७ पासून विद्यार्थ्यांची देवाणघेवाण सुरू केली. ज्यांनी दोन युद्धांतील जखमी वाहिले, त्यांना पुढचे युद्ध टाळण्याचा मार्ग एकमेकांच्या घरात राहणारी मुले हा वाटला. १९८३ साली अमेरिकेची काँग्रेस आणि तत्कालीन पश्चिम जर्मनीची संसद यांनी मिळून तरुणांच्या विनिमयाची योजना आखली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर २००२ साली अमेरिकेने मोठी मुस्लिम लोकसंख्या असलेल्या देशांतील मुलांसाठी ‘केनेडी-लुगर’ योजना सुरू केली. तिच्यात भारतातील विद्यार्थीही सहभागी होतात. महाराष्ट्रातील अनेक शहरांत आणि तालुक्यांच्या गावांत अशी परदेशी मुले दिसतात, ती प्रामुख्याने रोटरीच्या युवा-विनिमय कार्यक्रमातून येतात. पंधरा ते एकोणीस वर्षांची ही मुले साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष राहतात, एकाहून अधिक कुटुंबांत राहतात आणि स्थानिक शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात जातात.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. या योजना पर्यटनासाठी निघालेल्या नाहीत. पर्यटकाला देश दाखवावा लागतो. विनिमय विद्यार्थ्याला घर आणि वर्ग द्यावा लागतो. म्हणूनच स्वागताचा प्रश्न हा हारतुऱ्यांचा नसून सहवासाचा आहे. आणि सहवास म्हटला की भाषा आलीच.

२. एक समारंभ आणि नंतरचे आठ महिने

काही वर्षांपूर्वी पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावणे आले. तेथील विद्यालयात जर्मनीहून एक सोळा वर्षांचा मुलगा अकरावीत दाखल झाला होता. समारंभ थाटाचा झाला. लेझीम पथक फाटकापर्यंत सामोरे गेले. मुलाला फेटा बांधला, औक्षण झाले, शाल-श्रीफळ दिले. मुलींनी स्वागतगीत म्हटले. त्यानंतर सहा भाषणे झाली, आणि सहाही इंग्रजीत. वक्त्यांपैकी चौघांना इंग्रजीत बोलण्याची सवय नव्हती. कागदावरून वाचताना त्यांना घाम फुटत होता. समोर बसलेल्या अकराशे मुलांपैकी बहुतेकांना ती भाषणे कळत नव्हती. पाचवे भाषण माझे होते. मी भाषाविज्ञानाचा अध्यापक. तीस वर्षे मराठीच्या बोलींवर काम केलेला. मीही इंग्रजीतच बोललो, आणि आपण सौजन्याने वागलो या समाधानात घरी परतलो.

त्यानंतर आठ महिन्यांनी, २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला, त्याच शाळेत पुन्हा जाण्याचा योग आला. कार्यक्रमापूर्वी तो मुलगा मला भेटला. मी त्याला विचारले, मराठी कितपत येते? त्याने पाचसहा शब्द सांगितले : नमस्कार, पाणी, पुरे, उद्या. आणि मग अगदी आपल्या चालीत, शेवटचा स्वर खाली सोडत तो म्हणाला, “काही नाही.” हे दोन शब्द त्याला इतके चांगले कसे येतात, असे मी विचारले. त्याचे उत्तर साधे होते. मधल्या सुट्टीत मुले घोळक्याने बसत, कोणीतरी काही बोले, सगळे हसत. हा विचारी, काय झाले? मुले सांगत, “काही नाही.” आठ महिने रोज हेच ऐकल्यामुळे ते शब्द त्याला पाठ झाले होते. मुले दुष्ट नव्हती. तो विनोद इंग्रजीत सांगणे त्यांना जमत नव्हते, आणि मराठीत सांगावा असे कोणाला सुचत नव्हते.

त्याच्या शालेय दिनक्रमाचीही मी चौकशी केली. अध्यापन इंग्रजीतून चालते म्हणून त्याला विज्ञान शाखेत बसवले होते. मराठीच्या तासाला ‘त्याला काय कळणार’ म्हणून ग्रंथालयात पाठवत. शिक्षक त्याच्याशी इंग्रजीत बोलत. मुले मोडक्या इंग्रजीत किंवा हिंदीत बोलत. कोणीही त्याच्याशी वाईट वागले नव्हते. सर्वांनी त्याची काळजी घेतली होती. आणि तरीही तो वर्षभर त्या वर्गात पाहुणाच राहिला होता.

कार्यक्रमात त्याला दोन वाक्ये बोलायला सांगितले. तो उभा राहिला आणि म्हणाला, “नमस्कार. मी जर्मनीहून आले. मला मराठी आवडते.” ‘आले’ म्हटल्याबरोबर सभागृह हसले. मुलगा लाल झाला आणि खाली बसला. माझ्या शेजारी बसलेले शिक्षक म्हणाले, “बघा सर, इतके दिवस राहून असे बोलतो!” मला मात्र ते वाक्य ऐकताच त्याचा शिक्षक कोण, हे कळले. ज्या घरी तो राहत होता, तेथील काका-काकू इंग्रजीत बोलत. मराठीत बोलत त्या फक्त आजी, कारण त्यांना दुसरी भाषा येत नव्हती. ‘मी देवळात जाऊन येते’, ‘मी आले रे’, असे त्या म्हणत, आणि मुलगा त्यांचे ऐकून बोलत होता. मराठीत क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. म्हणून ‘मी आले’ हे अज्ञान नव्हते. जे कानावर पडले, ते त्याने नेमके उचलले होते. अकराशे विद्यार्थ्यांच्या आणि तीसचाळीस शिक्षकांच्या संस्थेने त्याला जे दिले नाही, ते चौथीपर्यंत शिकलेल्या एका आजींनी दिले होते. आणि तेवढ्याचेही आम्ही हसे केले. त्या दिवसानंतर त्याने शाळेत मराठी बोलणे सोडून दिले, असे मला पुढे समजले.

३. सौजन्याची भिंत

येथे घडले काय, हे जरा शास्त्रीय दृष्टीने पाहू. परक्या माणसाशी बोलताना भाषक आपली भाषा नकळत बदलतात, याची नोंद चार्ल्स फर्ग्युसन या भाषावैज्ञानिकाने १९७१ साली केली. प्रत्यय गाळणे, क्रियापद गाळणे, मोठ्याने बोलणे, तेच ते शब्द पुन्हा उच्चारणे, अशी या परकीय-संवादभाषेची लक्षणे त्याने सांगितली. आपल्याकडे ‘तू जेवण पाहिजे?’ किंवा ‘तुम इधर बैठो, मैं येतो’ असे जे ऐकू येते, तो याच प्रकारचा नमुना होय. अशा बोलण्याने त्या क्षणाचे काम भागते, पण ऐकणाऱ्याला भाषा शिकता येत नाही, कारण त्याच्या कानांवर अखंड वाक्य पडतच नाही.

मराठी भाषक तर याच्याही पुढे जातो. तो भाषा सोपी करत बसत नाही, सरळ बदलतो. रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत आपण सर्वच जण समोरचा परका दिसला की हिंदीत किंवा इंग्रजीत जातो. यामागे सौजन्य असते, हे मला मान्य आहे. परंतु त्या सौजन्याच्या आत दोन समजुती दडलेल्या असतात. पहिली अशी की मराठी ही केवळ आपल्या माणसांत बोलायची भाषा आहे. दुसरी अशी की बाहेरच्याला ती येणार नाही आणि आली तरी तिचा त्याला उपयोग नाही. पहिली समजूत पाहुण्याला बाहेर ठेवते. दुसरी भाषेला कमी लेखते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली, याचा आनंद आपण सर्वांनी व्यक्त केला. भाषेचे प्राचीनत्व शिलालेखांवरून सिद्ध होते. तिचा आजचा आत्मविश्वास मात्र ती नव्या माणसाला जवळ बसवून घेते की नाही, यावरून कळतो. २०२० च्या कायद्याने राज्यातील शाळांमध्ये मराठीचे अध्यापन सक्तीचे केले आहे. कायद्यामुळे मराठी वेळापत्रकात येते. मधल्या सुट्टीतील घोळक्यात परक्या मुलासाठी जागा करून देणे हे कायद्याच्या हातात नाही; ते आपल्या हातात आहे.

आणखी एका हानीचा उल्लेख करावासा वाटतो. जर्मन भाषेत मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत. ‘पुस्तक’ हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहे, तसाच जर्मनमधील त्याचा प्रतिशब्दही नपुंसकलिंगी आहे. आपल्याकडे जसे ‘तू’ आणि ‘तुम्ही’, तसे जर्मनमध्ये जवळिकीचे ‘डू’ आणि आदराचे ‘झी’. इंग्रजी बोलणाऱ्याला ज्या गोष्टी मराठीत अवघड वाटतात, त्यांपैकी काही त्या जर्मन मुलाच्या ओळखीच्या होत्या. पण मधे इंग्रजी आल्यामुळे हे साम्य ना त्याला दिसले, ना आमच्या मुलांना. त्याच्यासाठी आणि आमच्यासाठीही परकी असलेली तिसरी भाषा दोघांनी वर्षभर वापरली आणि आपापली भाषा खिशात ठेवली. व्याकरणाच्या एका तासाला त्याला फळ्यापाशी बोलावून ‘तुझ्या भाषेत पुस्तक हे तो, ती की ते?’ एवढे जरी विचारले असते, तरी साऱ्या वर्गाला लिंगविचार एरवीपेक्षा अधिक कळला असता.

४. ज्यांना भाषा मिळाली

परदेशी माणसाला मराठी येत नाही, ही समजूत आपल्या वाङ्मयाच्या इतिहासालाही धरून नाही. इंग्लंडमधून १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले, हे तुम्ही अभ्यासक्रमात वाचलेच आहे. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या कोशाशिवाय आजही आपले काम चालत नाही. हे झाले धर्मप्रसारक आणि अधिकारी. त्यांना भाषा शिकण्यामागे प्रयोजन होते आणि हाताशी पंडितही होते. आपल्या काळातील अधिक जवळचे उदाहरण डॉ. मॅक्सीन बर्नसन यांचे आहे. जन्माने अमेरिकन असलेल्या या विदुषी साठच्या दशकात महाराष्ट्रात आल्या, फलटणमध्ये राहिल्या, फलटणच्या मराठीतील सामाजिक भेदांवर त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला, आणि १९७८ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. पुढे फलटणमध्येच त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभारली आणि मराठी मुलांना मराठी वाचायला-लिहायला शिकवण्याच्या पद्धतीवर आयुष्यभर काम केले. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी परभाषकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकेही तयार केली. अमेरिकेतून पुण्यात शिकायला येणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांनी मराठी कुटुंबांत राहून मराठीचे धडे घेतले, तेही याच सुमारास.

या उदाहरणांतून एकच निष्कर्ष काढायचा आहे. प्रत्येक विनिमय विद्यार्थी बर्नसन होणार नाही, होण्याची अपेक्षाही नाही. पण ज्याला भाषा मिळते, तो आपल्याला काही परत देऊ शकतो. ज्याला केवळ शाल मिळते, तो ती पेटीत घालून घेऊन जातो.

५. काही आक्षेप

या मतावर आक्षेप येतील, आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा : दहा महिन्यांत मराठी कशी येणार? जिम कमिन्स यांनी १९७९ साली दैनंदिन संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला. अभ्यासाची भाषा आत्मसात व्हायला अनेक वर्षे लागतात, हे खरे आहे. पण येथे मागणी निबंधाची नाही. खेळताना, जेवताना, चेष्टामस्करी करताना लागणारी भाषा रोज कानावर पडली, तर वर्षभरात पुष्कळ येते. वर उल्लेखिलेल्या जर्मनीच्या योजनेत अमेरिकन मुलांना जर्मन येण्याची अट नसते. गेल्यावर प्रथम भाषेचा वर्ग असतो आणि मग ती जर्मन शाळेत बसतात. जर्मन कुटुंब आणि शाळा जे करू शकतात, ते आपल्याला अशक्य का वाटावे?

दुसरा आक्षेप पालकांचा असतो : परदेशी मुलगा वर्गात आला की आमच्या मुलांना इंग्रजीचा सराव मिळतो, तो का गमवावा? हा लाभ खरा आहे आणि ग्रामीण भागातील पालकांची ही इच्छा कमी लेखण्याचे कारण नाही. पण तो लाभ पाहुण्याला मराठी शिकवल्याने जात नाही. उलट, एखादा मराठी शब्द इंग्रजीत समजावून सांगताना जितके इंग्रजी बोलावे लागते, तितके ‘हाउ आर यू’ म्हणताना लागत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. सोळा वर्षांचे मूल घरापासून हजारो कोस दूर आहे. त्याला आजारपण येईल, घरची आठवण येईल, एखादा प्रसंग अवघड असेल. अशा वेळी त्याला कळेल ती भाषा बोलणे हेच माणुसकीचे नव्हे काय? होय, निःसंशय. आरोग्य, सुरक्षितता आणि मनातील व्यथा यांबाबत त्याला जी भाषा सोयीची, तीच वापरली पाहिजे. माझा आग्रह इंग्रजी बंद करण्याचा नाही. तिच्यापुढे मराठीचे दार बंद होऊ नये, एवढाच आहे.

६. शाळेला करता येण्याजोगे

यासाठी अनुदान लागत नाही, स्वतंत्र पद लागत नाही. पहिले सहा आठवडे रोज एक तास मराठीच्या शिक्षकांनी त्याला द्यावा; आधी बोलणे, मग लिपी. लिपीसाठी बालभारतीचे पहिलीचे पुस्तक पुरेसे आहे. मुलाला ‘मी आलो’ आणि मुलीला ‘मी आले’, हा भेद पहिल्याच आठवड्यात सांगावा. मराठीच्या तासाला त्याला बाहेर पाठवू नये. वर्गातील दोन विद्यार्थी त्याचे सोबती म्हणून नेमावेत आणि त्यांना तीन साधे नियम सांगावेत. त्याच्याशी सावकाश पण पूर्ण वाक्यात बोलायचे. तो चुकला तर हसायचे नाही. तेच वाक्य शुद्ध करून सहज पुन्हा म्हणायचे. आणि घोळक्यात कोणी हसले व त्याने कारण विचारले, तर ‘काही नाही’ म्हणायचे नाही. विनोद समजावून सांगायचा, मग तो कितीही फसला तरी चालेल.

त्याला कामही द्यावे. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडले की भिन्न गटांतील माणसे केवळ जवळ आल्याने पूर्वग्रह जात नाहीत. दर्जा समान असावा, उद्दिष्ट एक असावे, ते गाठण्यासाठी एकमेकांचे सहकार्य लागावे आणि संस्थेचा त्याला पाठिंबा असावा. तरच सहवासाचा उपयोग होतो. फेटा बांधून व्यासपीठावर बसवलेल्या मुलाचा दर्जा समान नसतो. तो वरचा असतो, आणि म्हणूनच एकटा असतो. त्याला खो-खोच्या संघात घ्यावे, प्रार्थनेच्या वेळी वार आणि दिनांक फळ्यावर लिहायला लावावे, स्नेहसंमेलनात पडदा ओढण्याचे काम द्यावे. ‘पळ’, ‘धर’, ‘थांब’, ‘आता ओढ’ हे शब्द कामातून जितक्या लवकर येतात, तितके पुस्तकातून येत नाहीत. संघात असलेल्या मुलाला कोणी ‘आम्ही हरलो’ असे सांगू शकत नाही. त्याला ‘आपण हरलो’ असेच म्हणावे लागते.

७. तिसऱ्या बाकावरची मुलगी

हा विषय येथे संपवता आला असता. पण त्याच शाळेतील एक गोष्ट सांगितल्याशिवाय माझे म्हणणे पुरे होणार नाही. त्या दिवशी परतण्यापूर्वी मी मुख्याध्यापकांना विचारले, परक्या भाषेचे मूल शाळेत पूर्वी कधी आले होते काय? ते म्हणाले, नाही, हा पहिलाच. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका शिक्षिका संकोचाने म्हणाल्या, “सर, दहावीत एक मुलगी आहे. वडील बांधकामावर असतात. तेलंगणातून आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता.”

ती मुलगी पाचवीत आली होती. तिच्यासाठी लेझीम नव्हते, भाषणे नव्हती, सोबतीही नव्हता. सुरुवातीला ती वर्षभर गप्प बसली, आणि ती मंद आहे असे ठरवले गेले. पुढे तिचे तिने मराठी शिकून घेतले. तिच्या तेलुगूत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांसाठी वेगळी सर्वनामे आहेत. त्यामुळे आपण ‘आम्ही’च्या बाहेर आहोत, हे तिला नक्कीच लवकर कळले असेल. परक्या भाषेच्या वर्गात बसणे म्हणजे काय, हे त्या साऱ्या शाळेत सर्वांत चांगले तिला ठाऊक होते. जर्मन मुलाला मराठी शिकवायला तिच्याइतके योग्य कोणी नव्हते. पण तिला कोणी विचारले नाही, कारण ती परकी आहे हे शाळेच्या ध्यानात नव्हते आणि ती जाणकार आहे हेही ध्यानात नव्हते.

म्हणून मी म्हणतो, परदेशी विद्यार्थ्याचे स्वागत ही शाळेची परीक्षा आहे, आणि तिचा निकाल केवळ त्या एका मुलापुरता नसतो. पाहुण्याला भाषा देण्याची सवय शाळेला लागली, तर ती सवय ऊसतोडीच्या हंगामात येणाऱ्या मुलांना, वेगळी बोली बोलणाऱ्या मुलांना, परप्रांतातून आलेल्या मजुरांच्या मुलांनाही उपयोगी पडेल. ती लागली नाही, तर एकाला व्यासपीठावर आणि दुसरीला तिसऱ्या बाकावर, असे दोघांनाही आपण बाहेरच ठेवू; फरक असेल तो फक्त फेट्याचा.

तुमच्यापैकी पुष्कळ जण नोकरी सांभाळून शिकत आहेत. काही जण शाळेत शिकवतात, काहींची मुले शाळेत जातात. तुमच्या गावात असा पाहुणा येईल तेव्हा समारंभ अवश्य करा. पाहुण्याला ओवाळणे ही आपली रीत आहे आणि ती चांगली आहे. फक्त समारंभ संपल्यावर त्याच्याशेजारी बसा आणि पहिले वाक्य मराठीत बोला. “जेवलास का?” एवढे पुरे आहे. त्याला ते कळणार नाही. पुन्हा म्हणा. सावकाश म्हणा, हाताने घास दाखवा, पण वाक्य बदलू नका. तिसऱ्या दिवशी तो उत्तर देईल.

विचारासाठी प्रश्न

१. परभाषक व्यक्तीशी बोलताना तुम्ही कोणती भाषा निवडता? गेल्या आठवड्यातील एक प्रसंग आठवून, त्या निवडीमागील कारणे लिहा.

२. ‘मी जर्मनीहून आले’ या वाक्याला चूक म्हणावे की शिकल्याची खूण? मराठीतील लिंग आणि क्रियापदरूपे यांच्या आधारे चर्चा करा.

३. तुमच्या परिसरातील शाळेत घरची भाषा मराठी नसलेली मुले आहेत काय? त्यांना मराठी कोणाकडून आणि कशी मिळते, याचे निरीक्षण करून टिपण तयार करा.